बाबांचं फेरिटिन ७१२ आलंय. लोहाचा आणि विसरण्याचा संबंध कितपत खरा?

अबोली_२१
बाबा ७४ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. अजून सुरुवातीचीच अवस्था आहे. माणसं ओळखतात, वर्तमानपत्र वाचतात, पण वाचलेलं अर्ध्या तासात पुसून जातं. गेल्या महिन्यात नेहमीच्या रक्ततपासणीत फेरिटिन ७१२ आलं. रिपोर्टवर वरची मर्यादा ४०० लिहिली आहे.

दादा दोन रात्री वाचत बसला होता. त्याचं म्हणणं असं, की मेंदूत लोह साचतं, त्याने पेशी मरतात, बाबांचं विसरणं त्यातूनच आलंय आणि ते लोह बाहेर काढलं की उतरण थांबेल. त्यासाठी एक तर ठरावीक दिवसांनी रक्त काढायचं, नाहीतर लोह बांधून बाहेर नेणाऱ्या गोळ्या द्यायच्या. डॉक्टर म्हणाले पुढच्या भेटीत बघू. पुढची भेट पाच आठवड्यांनी आहे आणि दादा थांबायला तयार नाही.

त्याची घाई मला कळते. काहीतरी हातात सापडलंय असं आम्हाला पहिल्यांदाच वाटतंय. पण भीतीही वाटते. कुणाच्या घरी असं झालंय का? मेंदूतलं लोह आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध खरा आहे का?

पाऊलवाट
अबोली, कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नकोस आणि काही बंदही करू नकोस. माझा अनुभव रात्री सविस्तर लिहिते.

रक्तपेशी
मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते. आधी त्या ७१२ बद्दल बोलू.

फेरिटिन हे लोह साठवायचं कोठार. एका कोठारात लोहाचे साधारण साडेचार हजार अणू मावतात. आपल्या तपासणीत रक्तात किती कोठारं फिरताहेत ते मोजलं जातं, ती किती भरलेली आहेत हे कळत नाही. शिवाय शरीरात कुठेही दाह असला, जंतुसंसर्ग असला, यकृतावर चरबी असली किंवा दारूचं प्रमाण जास्त असलं, तर लोह न वाढताही फेरिटिन वाढतं. म्हणून नुसत्या फेरिटिनवर लोहसंचयाचं निदान करता येत नाही.

त्याच्या जोडीला ट्रान्सफरिन सॅच्युरेशन लागतं. ट्रान्सफरिन म्हणजे रक्तातून लोहाची ने-आण करणारं प्रथिन, आणि त्याच्या किती जागा भरल्यात ते टक्क्यांत कळतं. ४५ टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही खऱ्या लोहसंचयाचा शोध सुरू करतो. बाबांचं ते किती आहे? हिमोग्लोबिन आणि सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणारी तपासणी) किती आहे?

अबोली_२१
हिमोग्लोबिन ११.१. बाकीच्या दोन तपासण्या केलेल्याच नाहीत.

रक्तपेशी
११.१ असलेल्या माणसाचं रक्त काढायचं नाही. दादाला हे आजच सांग. अर्धा लिटर रक्त काढलं की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. हिमोक्रोमॅटोसिसच्या, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला त्याचा फायदा होतो, पण त्याचं हिमोग्लोबिन सहसा चांगलं असतं. फेरिटिन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी अशी जोडी दिसली, की मला आधी दाहाचा संशय येतो.

त्यामागे हेपसिडिन आहे. यकृतात तयार होणारं हे संप्रेरक लोहाच्या दारावर पहाऱ्याला असतं. दाह असला की हेपसिडिन वाढतं, आतड्यातून लोह आत येणं मंदावतं आणि साठ्यातलं लोह कुलपात पडून राहतं. म्हणजे कोठारात माल आहे, पण अस्थिमज्जेला रक्त बनवायला तो मिळत नाही. अशा वेळी आणखी लोह काढून घेतलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सारंग७
रक्तपेशी, रक्ताबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पण अबोलीचा प्रश्न मेंदूबद्दल आहे आणि तिथे पुरावा भरपूर आहे. हॉलग्रेन आणि सूरांडर यांनी १९५८ मध्येच शवविच्छेदनातून दाखवलं होतं, की मेंदूतलं लोह वयाबरोबर वाढतं. अल्झायमरच्या गाठींभोवती लोह सापडतं हे १९५३ पासून माहीत आहे. २०१५ मध्ये सुमारे ३०० लोकांचं मेंदू-मज्जारज्जूतल्या पाण्यातलं फेरिटिन पाहून त्यांचा सात वर्षांपर्यंत मागोवा घेतला. ज्यांचं फेरिटिन सुरुवातीला जास्त, त्यांची आकलनशक्ती अधिक घसरली. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १०० रुग्ण आणि १०० निरोगी माणसांचे एमआरआय काढले, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. रुग्णांच्या मेंदूत लोह जास्त होतं, आणि ज्यांचा पुन्हा एमआरआय झाला त्यांच्यात कानाजवळच्या खंडात लोह जितकं वाढलं तितकी बुद्धीची घसरणही जास्त होती.

आणखी एक. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अल्झायमरच्या ४८ रुग्णांवरचा प्रयोग आला होता. डेस्फेरिऑक्सामीन हे धातू बांधणारं औषध दोन वर्षं इंजेक्शनने दिलं आणि उतरणीचा वेग निम्मा झाला. मग दादाचं काय चुकलं? माझ्या काकूंना हा आजार होता. पाच वर्षं आम्ही फक्त बघत बसलो. काहीतरी करून बघायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

जुना_रसायनवाला
सारंग, संबंध आहे हे मला मान्य. तो का असावा, ते रसायनशास्त्राच्या बाजूने सांगतो. तीस वर्षं हेच शिकवलंय.

लोह दोन रूपांत सहज ये-जा करतं. एक इलेक्ट्रॉन दिला की फेरिक होतं, परत घेतला की फेरस. हिमोग्लोबिनमध्ये, पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत, डोपामीन बनवणाऱ्या विकरात, सगळीकडे शरीर या देवघेवीवर चालतं. पण सुटं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं, की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हेन्री फेंटनने १८९४ मध्ये लोह आणि पेरॉक्साइडच्या या जोडीवर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर टार्टारिक आम्ल होतं, मेंदू नव्हे. हे रॅडिकल समोर येईल त्याला ओरबाडतं.

आता मेंदू पाहा. वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. पेशींची आवरणं लवकर खवट होणाऱ्या मेदाम्लांनी भरलेली. तिथे सुटं लोह म्हणजे कोरड्या गवतात ठिणगी. २०१२ मध्ये पेशीमरणाच्या एका वेगळ्या प्रकाराला फेरॉप्टोसिस असं नाव मिळालं. मी त्याला लोहमरण म्हणतो. त्यात लोहामुळे आवरणातला मेद सडत जातो आणि पेशी फुटते. अल्झायमरमध्ये हे किती प्रमाणात घडतं यावर काम चालू आहे.

तेव्हा दादांची शंका निराधार नाही. मात्र परीक्षानळीत लोह बाजूला काढणं जितकं सोपं, तितकं जिवंत माणसात नाही.

निळीशाई
सारंग७, तुम्ही दिलेली निरीक्षणं खरी आहेत. फक्त १९९१ च्या प्रयोगापाशी न थांबता पुढचं वाचायला हवं. तो प्रयोग अॅल्युमिनियम काढण्यासाठी केला होता, कारण तेव्हा संशय अॅल्युमिनियमवर होता. आणि कुणाला औषध मिळतंय हे सगळ्यांपासून लपवलेलं नव्हतं.

त्यानंतर डेफेरिप्रोन आलं. तोंडाने घ्यायचं आणि मेंदूत पोहोचणारं औषध. पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांवर त्याचा ३६ आठवड्यांचा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. एमआरआयवर लोह कमी झालेलं दिसलं, पण रुग्ण जास्त बिघडले. औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना लक्षणं वाढल्यामुळे मधेच पार्किन्सनची औषधं सुरू करावी लागली. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.७ टक्के होतं. रसायनवाल्यांनी वर सांगितलेलंच कारण इथे असू शकतं, पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामीन कमी पडतं आणि ते बनवायलाच लोह लागतं.

आणि अल्झायमरमध्येही हेच औषध वापरून पाहिलंय. ऑस्ट्रेलियात ८१ जणांना १२ महिने दिलं, निकाल २०२४ च्या शेवटी आला. हिप्पोकॅम्पसमधलं, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागातलं लोह कमी झालं, पण औषध घेणाऱ्यांची बुद्धी साखरेच्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त वेगाने घसरली. काहींच्या पांढऱ्या पेशीही धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या. लोह हेच कारण, हे गृहीत धरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच हा प्रयोग केला होता आणि उलटा निकाल त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

अबोलीताई, दादांना हे जरूर दाखवा.

सारंग७
२०२४ चा प्रयोग मला माहीत नव्हता. आत्ता शोधून वाचला. माझं वरचं मत मागे घेतो, गोळ्या देऊ नका.

तरी एक समजत नाही. लोह जास्त असलेल्यांची घसरण जास्त, हे खरं. आणि लोह काढलं तरी घसरण जास्त, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं?

जुना_रसायनवाला
औषधाला कामाचं लोह आणि भटकं लोह यांतला फरक कळत नाही, हे एक कारण असावं. मरत आलेल्या पेशींपाशी लोह साचतं, तेव्हा तो आजाराचा परिणामही असू शकतो. किंवा आजारी मेंदूला उरलेलं लोह नीट वापरता येत नसेल, म्हणजे साठा दिसतो आणि टंचाईही असते. हेपसिडिनबद्दल रक्तपेशी वर म्हणाल्या त्यासारखंच काहीसं. यांतलं कोणतं खरं, त्याचा निवाडा झालेला नाही.

अबोली_२१
तुम्हा सगळ्यांचे आभार. दादाला फोनवरच वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तपासण्या तरी लवकर करूया." उद्या रक्त देतोय.

मागे बसून बाबा ऐकत होते. म्हणाले, "माझ्या डोक्यात लोखंड आहे का गं? मग चुंबक आण, सगळं एका जागी गोळा होईल." आम्ही तिघेही खूप दिवसांनी इतके हसलो.

आजीचीनात
काकांना नमस्कार सांगा! पण यावरून खरोखरच विचारते. एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबक, मग मेंदूत लोह जास्त असलेल्यांना त्याचा धोका असतो का?

निळीशाई
नाही. मेंदूतलं लोह म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे, ते प्रथिनांत बांधलेलं असतं आणि जागचं हलत नाही. उलट त्याच्यामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं, म्हणून तर एमआरआयवर ते मोजता येतं. काकांच्या विनोदावर एक संशोधनशाखाच उभी आहे! मात्र ही मोजणी संशोधनात होते. नेहमीच्या एमआरआय रिपोर्टमध्ये लोहाचा आकडा येत नाही. रक्तस्रावाचे बारीक ठिपके असले तर ते दिसतात, कारण सांडलेल्या रक्तातलं लोह तिथे मागे राहतं. अॅमिलॉइड (अल्झायमरच्या गाठींतलं प्रथिन) काढणारी नवी औषधं सुरू करण्याआधी हे ठिपके मुद्दाम मोजतात, कारण त्या औषधांनी मेंदूत सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो.

पाऊलवाट
काल लिहीन म्हणाले होते. आज लिहिते.

आईला स्मृतिभ्रंश होता आणि रक्तही कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मी 'लोह मेंदूला गंजवतं' असा एक लेख वाचला आणि त्याच दिवशी तिच्या गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. आपण तिच्यासाठी लढतोय, असं मला वाटत होतं.

चार महिन्यांत आई बदलली. दुपारी बसायची ती पडून राहायला लागली. जेवताना दोन घासांत दमायची. नावं चुकायला लागली, मग बोलणंच कमी झालं. आजार पुढे सरकला, आता हे असंच होणार, असं आम्ही धरून चाललो. बहीण भेटायला आली तेव्हा तिने आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. आत पांढरं फटक होतं. हिमोग्लोबिन १०.४ वरून ७.९ वर आलं होतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पुढे शिरेतूनही लोह दिलं. दोन महिन्यांनी आई उठून बसली आणि मला नावाने हाक मारली. आजार गेला नाही. पण ज्या चार महिन्यांत ती माझ्याशी बोलू शकली असती, ते मी घालवले. पुढच्या वर्षी ती गेली.

दादाला म्हणावं, रागावत नाहीये. मीही त्याच्याच जागी उभी होते.

अबोली_२१
पाऊलवाट, काय लिहावं कळत नाही. हे वाचून दादाने मला फोन केला, आणि असा फोन तो सहसा करत नाही.

मध्यरात्र
ताई, मिठी.

निळीशाई
पाऊलवाट यांनी जे सोसलं त्याला अभ्यासांतही आधार आहे, म्हणून नोंदवतो. सत्तरीतल्या २५५२ लोकांचा ११ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीला रक्तक्षय असलेल्या २३ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला, नसलेल्यांत १७ टक्क्यांना. हे २०१३ मध्ये आलं. पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या १२ हजारांवर लोकांच्या अभ्यासात हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनाही आणि जास्त असलेल्यांनाही धोका अधिक दिसला. मधली पातळी सुरक्षित. लॅन्सेटच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. त्यांत ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहे. लोह नाही.

मध्यरात्र
थोडं अवांतर. मला रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात, झोप लागत नाही. त्यातही मेंदूतलं लोह कमी असतं असं सांगितलं होतं. ते याच्याशी जोडलेलं आहे का?

रक्तपेशी
आजार वेगळा आहे, पण धडा तोच. रेस्टलेस लेग्जमध्ये रक्तातलं लोह ठीक असूनही मेंदूत कमी असू शकतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो आणि मेंदू आपलं लोह स्वतंत्रपणे सांभाळतो. रक्त चढवून चढवून थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या यकृतात आणि हृदयात लोहाचे ढीग साचतात, पण मेंदू त्या मानाने बराच वाचतो. म्हणूनच रक्तातल्या फेरिटिनवरून मेंदूबद्दल बोलता येत नाही. तुमचं फेरिटिन तपासलंय का? या त्रासात ते ७५ च्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. डॉक्टरांना विचारा.

आजीचीनात
आनुवंशिक प्रकाराचं काय? आमच्याकडे चुलत आजोबांना हिमोक्रोमॅटोसिस होतं, पुढे विस्मरणही झालं.

रक्तपेशी
हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं, रोज एक-दोन मिलिग्रॅम आत येतं आणि तितकंच झडतं. जास्तीचं बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही, त्यामुळे सगळी भिस्त दारावरच्या पहाऱ्यावर. एचएफई जनुकातल्या बदलाने हा पहारा ढिला पडतो. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. सी२८२वाय हा मुख्य बदल प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याच्या नोंदींच्या संग्रहातल्या माहितीवरून २०२१ मध्ये दिसलं, की या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्या पुरुषांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. अशा माणसाचं लोह वेळीच काढणं हे योग्य उपचार आहेत, यकृत आणि हृदय त्यानेच वाचतं.

तुमच्या जवळच्या नात्यात असेल तर फेरिटिन आणि सॅच्युरेशन या दोन्ही तपासण्या करून घ्या. दोन्ही वाढलेल्या असल्या तर जनुकाची तपासणी.

सारंग७
एक व्यवहारातला मुद्दा. ज्येष्ठांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत लोह आहे का ते बघा. कमतरता नसलेल्या म्हाताऱ्या पुरुषाला ते रोज देण्याचं कारण नाही. मी घरची बाटली आज वाचली, त्यात होतं.

जुना_रसायनवाला
हा मुद्दा चांगला मांडलास.

अबोली_२१
अडीच महिन्यांनी परत येतेय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण शेवट सांगायचा राहिला होता.

ट्रान्सफरिन सॅच्युरेशन १४ टक्के आलं. सीआरपी ३८. म्हणजे लोहसंचय नव्हताच, रक्तपेशी म्हणाल्या तसा दाह होता. तो कुठे आहे ते सापडायला तीन आठवडे लागले. लघवी, छाती, पोट, सगळं तपासलं. यकृतावर थोडी चरबी निघाली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "एका बाजूने चावतात का?" आम्ही कधी बघितलंच नव्हतं. डावीकडच्या दाढेखाली पू झाला होता. बाबांनी दुखतंय असं एकदाही सांगितलं नाही. दुखलं असेल, आणि सांगायचं विसरले असतील.

दाढ काढली, प्रतिजैविकं दिली. परवाचं फेरिटिन ३९०, हिमोग्लोबिन ११.९. बी-१२ कमी होतं, त्याचीही इंजेक्शनं सुरू आहेत.

विसरणं होतं तसंच आहे. वर्तमानपत्र वाचलेलं अजूनही पुसून जातं. पण दुपारी पेंगायचे ते थांबलंय आणि जेवतात नीट. दादा आता रोज रात्री त्यांचे दात घासून देतो. बाबा रोज विचारतात, "हे कधीपासून करतोयस?" दादा रोज सांगतो, "आजपासून."

पाऊलवाट
वाचलं. आज बरं वाटलं.

रक्तपेशी
फेरिटिन आणखी तीन महिन्यांनी एकदा बघा. यकृतासाठी चालणं चालू ठेवा. आणि दुसऱ्या बाजूच्या दाढाही दाखवून घ्या.